गुलमोहर कुठल्या बाजूला पडले

मी भूगोल शिकवते. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत, इतकी वर्षं, की वाऱ्यांचे प्रकार मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. टोर्नेडो आमच्या पुस्तकात जेमतेम एका ओळीचा. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात होतो, आकार नरसाळ्यासारखा, मोठं नुकसान करतो, चला पुढचा धडा. परीक्षेत आला तर एका गुणाला येतो, त्यामुळे मुलंही त्याला भीक घालत नाहीत. त्या ओळीच्या पलीकडे मी कधी जाईन असं मला वाटलं नव्हतं. गेले ते एका मे महिन्यात, आणि गेले कारण आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला तो टोर्नेडोच असायला हवा होता.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची जुनी चार मजली इमारत आहे. शेवटच्या मजल्यावर मी आणि बाबा. आई गेल्यापासून दोघंच. बाबा मूळचे मालवणकडचे, उमेदीची सगळी वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. ते पद दुसऱ्या कोणाला नको होतं. सेक्रेटरी म्हणजे फुकटचा गडी, पाणी गेलं की सेक्रेटरी, उंदीर झाले की सेक्रेटरी. बाबांना मात्र त्यात रस होता. पंप, टाकी, जिन्यातला बल्ब, सगळ्यावर त्यांची नजर.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे आमची गच्ची. उपनगरांतल्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला गळती म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळाभर छतावर काळे डाग, भिंतींना बुरशी, कपाटातल्या साड्यांना कुबट वास, आणि वरच्या मजल्यावाल्यांची खालच्यांशी कायमची धुसफूस. आमच्याकडे हे सगळं झालं होतं. डांबर झालं, रसायनं झाली, दरवर्षी ताडपत्र्या झाल्या. शेवटी बाबांनी सगळ्यांच्या मागे लागून गच्चीवर पत्र्याची शेड उभी केली, आणि गळती थांबली. ‘माझ्या वेळेला एक थेंब गळला नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांच्याआधी मीच म्हणायचे.

शेड टाकणाऱ्या कंत्राटदाराने सांगितलं होतं की खांबांना स्लॅबमध्ये बोल्ट मारावे लागतील. बाबांनी साफ नकार दिला. ज्या स्लॅबची गळती थांबवायला शेड टाकायची, त्याच स्लॅबला भोकं पाडायची? हे काही बाबांच्या डोक्यातून निघालेलं वेड नव्हतं. आमच्या सगळ्या गल्लीत तसंच करतात. तेलाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरायचं, त्यात खांब उभे करायचे, वर पत्रे तारेने आवळायचे आणि पत्र्यांवर पेव्हर ब्लॉक ठेवायचे. स्लॅबला ओरखडासुद्धा नाही. आम्हा लोकांना पावसाची जेवढी धास्ती, तेवढी वाऱ्याची नाही. वारा आला तर आम्ही खिडकी उघडतो.

कंत्राटदार डब्यांचं काम करायला तयार होईना, म्हणून ते बाबांनी माणसं लावून उरकून घेतलं. मी तेव्हा शाळेत होते. घरी आले तेव्हा शेड उभी होती आणि बाबा तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

आता इस्त्रीवालीबद्दल सांगते. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूला, एका इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. मराठवाड्यातलं जोडपं. तो इस्त्री करायचा आणि ती घरोघर फिरून कपडे आणायची, पोचवायची. सोसायटीचं कुठलंही सटरफटर काम निघालं, टाकी धुवायची, गणपतीला मांडव झाडायचा, की बाबा त्या दोघांना हाक मारायचे. ती मोठी बोलकी होती. माझ्या सुती साड्यांना नावं ठेवायची. ‘टीचर, ही साडी नेसून तुम्ही मुलांना मारता का, इतकी कशी चुरगळती?’ म्हणायची. आणि रोज सकाळी वर येऊन मला विचारायची, ‘बघा बरं फोनमध्ये, आज पाऊस हाय का?’ कोळसा भिजला की त्यांचा दिवस वाया जायचा. मी बघून सांगायचे. माझं एवढ्या वर्षांचं हवामानशास्त्र कोणाच्या खऱ्या उपयोगी पडलं असेल तर तिच्या. वादळाच्या दिवशी ती कपडे घेऊन गेली, पण विचारायचं राहिलं. आभाळ निरभ्र होतं.

मेची सुट्टी होती. मी दुपारचा चहा टाकला होता. खिडकीतून उजेड आला तो मातकट पिवळा, आणि मिठागरांकडून धुळीचा लोट येताना दिसला. मी खिडक्या लावायला धावले. वर पत्रे थडथडायला लागले. ते नेहमीचंच होतं. मग एकदम मोठ्याने काहीतरी कण्हल्यासारखा आवाज झाला आणि थडथड थांबली. छप्पर गेलं हे मला त्या शांततेवरून कळलं.

शेडचा अर्धा भाग खांबांसकट, डब्यांसकट उचलला गेला होता. पत्रे गल्लीत पडले. एक डबा भिंतीपलीकडे, इस्त्रीच्या टेबलापाशी, तिच्या अंगावर पडला. ती त्या वेळी टेबलावरचे धुतलेले कपडे वाऱ्यात उडू नयेत म्हणून चादरीत बांधत होती. नवरा कोळसा आणायला गेला होता.

हॉस्पिटलात न्यायला काही उरलं नव्हतं. तरी नेलं. चादरीतल्या त्या गाठोड्यात बाबांचे दोन शर्ट होते, ते वॉचमनने संध्याकाळी वर आणून दिले. घडी तशीच होती. मी ते कुठे ठेवले ते आजतागायत बाबांनी विचारलेलं नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद झाली. बाबांचा जबाब घेतला तेव्हा त्यांनी शेडबद्दल विचारलं तेवढं सांगितलं. विचारलं फारच थोडं. मग दोन दिवसांनी आमचे चेअरमन वर आले. दार लावून घेतलं, पंखा मोठा करायला सांगितला.

‘टीचर, तुम्ही भूगोलाच्या. तुम्हीच सांगा, हे साधं वारं होतं का? माझ्या मेव्हण्याने व्हिडिओ काढलाय, बघा. धूळ कशी गोल गोल फिरतेय. टोर्नेडोच ना हा?’

व्हिडिओत एका कोपऱ्यात धूळ फिरत होती खरी. तशी ती शाळेच्या मैदानावर दर उन्हाळ्यात फिरते.

‘मीटिंगमध्ये तुम्ही पाच मिनिटं बोला,’ ते म्हणाले. ‘नैसर्गिक आपत्ती आहे, कोणाचा दोष नाही, एवढं शास्त्रीय भाषेत आलं की लोकांची तोंडं बंद होतील. नाहीतर कोणीतरी तक्रार करेल आणि सगळ्यांची वाट लागेल. तुमच्या बाबांची पहिली.’

मला त्यांचा संताप आला. पण मी ‘बघते’ म्हणाले, कारण बाबा आतल्या खोलीत होते आणि त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. रडले नाहीत, कोणाशी भांडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी जेवायला उठवलं की एकच विचारायचे, ‘बोल्ट मारले असते तर राहिलं असतं काय गो?’

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असायला हवं होतं. त्याशिवाय बाबा उठणार नव्हते, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी लॅपटॉप काढला आणि टोर्नेडो शोधायला बसले.

इंटरनेटवर वादळांची एक सबंध दुनिया आहे, ती मला माहीत नव्हती. आपल्याकडे वादळ येऊन गेलं की झाडं उचलतात, दोन दिवस फोटो फिरतात आणि मग कोणाला काही आठवत नाही. आपल्या हवामान खात्याच्या साइटवर उपग्रहाची चित्रं होती, रडारचे रंगीत गोल होते, पण ते आत्ताचे, आजचे. मला हवी होती ती दुपार निघून गेली होती. अमेरिकेचं तसं नाही. तिथे सरकारी साइटवर गेल्या शतकाच्या मध्यापासूनचा प्रत्येक टोर्नेडो नकाशावर रेघ काढून ठेवलाय. कुठे जमिनीला टेकला, कुठून कुठे गेला, कुठे विरला. एखाद्या गावावर बोट ठेवलं की त्या गावावरून गेलेली सगळी वादळं समोर येतात. छोट्या छोट्या गावांच्या वाचनालयांनी म्हाताऱ्या माणसांना बसवून आठवणी ध्वनिमुद्रित केल्यात. हौशी लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवलीत, त्यांत मेलेल्यांची नावं, वयं, कोण कुठे सापडलं तेसुद्धा. आणि वादळ ओळखायला शिकवणारे फुकटचे वर्ग. शिवाय गाड्या घेऊन वादळांच्या मागे धावणारी, किंचाळत व्हिडिओ काढणारी माणसं. त्यांची मला मनापासून चीड आली. लोकांची घरं उडताहेत आणि हे आपले टाळ्या पिटतायत!

दोन-तीन दिवसांनी बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. तिथून पुढे दुपारचा आमचा तोच उद्योग झाला. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, उच्चार कळायचे नाहीत. मी थांबवून थांबवून मराठीत सांगायचे. एका बाईने तळघरात जाताना नवऱ्याचा हात कसा सुटला ते सांगितलं होतं. साठ-सत्तर वर्षांनंतरही ती तो हात कुठला होता ते सांगत होती. बाबांनी ते दोनदा ऐकलं.

‘ह्या लोकांका सायरन वाजवून सांगतत,’ ते म्हणाले. ‘तरी मरतत.’

हे त्यांना बरं वाटलं, ते माझ्या लक्षात आलं. मला पण बरं वाटलं. म्हणून मी शोधून शोधून मोठी वादळं दाखवायला लागले. आगगाडीचे डबे उलटलेले, चर्चचं नुसतं जोतं उरलेलं. बोल्ट, काँक्रीट, सगळं करून सवरून काही उरलं नाही अशी. बघा, एवढी श्रीमंत माणसं, त्यांचंही काही चाललं नाही. बाबा हळूहळू आमटी-भात खायला लागले.

एकदा त्याच शोधात एक पान उघडलं गेलं. जगातला सगळ्यात जास्त माणसं मारणारा टोर्नेडो अमेरिकेत झालाच नव्हता. तो झाला होता बांगलादेशात. आपल्या कोणाच्या पुस्तकात तो नाही, माझ्याही नाही. तिथली घरं पत्र्याची होती, आणि माणसं मेली ती बरीचशी उडत्या पत्र्यांनी, असं लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. बाबा स्क्रीनकडेच बघत होते. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. ते उठून गेले आणि त्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

खरी अडचण पुढेच होती. टोर्नेडोत वारा किती होता ते सहसा कोणी मोजू शकत नाही, यंत्रच उडून जातं. मग मागाहून माणसं जातात, काय काय मोडलं ते बघतात आणि त्यावरून वारा ठरवतात. एका जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत जाऊन ही पद्धत बसवली. घर असेल तर काय झालं, शाळा असेल तर काय, झाड असेल तर काय, पेट्रोलपंपाचं छप्पर असेल तर काय. आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावलेली होती. मोडलेली वस्तू मुळातच कच्ची बांधलेली असेल, तर वारा कमी धरा. खाली नीट न जखडलेलं छप्पर उडालं, तर ते वाऱ्याचं मोठेपण समजू नका.

ते वाचून मी लॅपटॉप मिटला. बाबा तेव्हा आंघोळीला गेले होते.

दुसरी खूण झाडांची. वारा गोल फिरत गेला असेल तर झाडं वेगवेगळ्या दिशांना, एकमेकांवर पडतात. सरळ आला असेल तर सगळी एकाच बाजूला. मी भाजी आणायच्या निमित्ताने खाली उतरले आणि गल्ली पुन्हा बघितली. तीन गुलमोहर पडले होते. बुंधे अजून उचलले नव्हते, नुसत्या फांद्या छाटून कडेला केल्या होत्या. तिन्ही पडले होते मिठागरांकडून स्टेशनकडे. जवळजवळ समांतर. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या असायच्या. वाळवणं राखायला त्यांच्याकडच्या काकू तिथे बसतात. मी काकूंना सहज विचारलं. ‘खुर्च्यांना काय झालंय?’ त्या म्हणाल्या. ‘उलट्या पडल्या होत्या. कुरडया मात्र सगळ्या गेल्या बाई.’

प्लास्टिकच्या खुर्च्या गच्चीवर राहिल्या. आमचे सिमेंटचे डबे उडाले, कारण त्यांच्या डोक्यावर अंगणाएवढा पत्रा होता. चार बोल्ट असते तर ती बाई आज माझ्या साड्यांना नावं ठेवत असती. एवढं मला भाजीची रिकामी पिशवी हातात घेऊन, त्या गल्लीत उभ्या उभ्या कळलं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं, ‘टोर्नेडोच होता. मी सगळं तपासलं. बोल्ट काय, काही राहिलं नसतं.’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘चाय टाक.’

मीटिंगमध्येही मी तेच बोलले. नरसाळं, फिरणारा वारा, अमेरिकेचा मैदानी प्रदेश. मुलांना जशी सांगते तशीच, फळ्याशिवाय. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी चक्क टाळ्या वाजवल्या. चेअरमन म्हणाले की आपल्या सोसायटीत असे शिकलेले लोक आहेत हे आपलं भाग्य. मग ठरलं की नवीन शेड बोल्ट मारूनच टाकायची. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. इस्त्रीवाल्याला सोसायटीने थोडीफार मदत दिली, ती किती ते मी लिहिणार नाही, मला लाज वाटते. बाबा मीटिंगला आले नव्हते. मी मात्र घरी परतताना हलकी झाले होते, हे खरं आहे. बाबा जेवत होते, बाकीचं जगात काय व्हायचं ते होवो.

माझी चूक इतकीच की मी लॅपटॉप त्यांच्याजवळ ठेवला. कारखान्यात मशीन बंद पडलं की ते उघडून बघितल्याशिवाय न राहणारा माणूस तो. एकदा शिकायची गोडी लागल्यावर तो थांबतोय होय? मी मैत्रिणीकडे विलेपार्ल्याला गेले की ते एकटेच बसायचे. एक एक शब्द शब्दकोशात बघून वाचायचे. मला वाटायचं, जुन्या लोकांच्या आठवणी ऐकतायत. ऐकू देत.

सुट्टी संपत आली होती. एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘गुलमोहर खंय पडले होते गो?’

मी म्हणाले, ‘कुठले गुलमोहर?’

‘गल्लीतले. खंयच्या बाजूक?’

‘मला नाही आठवत.’

‘माका आठवता. मी पण खिडकीतून बघितलंय.’ ते शांतपणे बोलत होते. ‘सगळे एकाच बाजूक पडले. तू पण बघितलंस. तू भाजीक गेलंस आणि भाजी न घेता इलंस.’

मी त्यांचा कप उचलून आत जायला वळले.

‘खोटां सांगू नको माका. मी कच्चा बांधलंय. वारो साधो होतो.’

मी चिडले. फार चिडले. म्हटलं, साधा नव्हता, झाडं पडली, आणि सगळी मुंबई डबेच ठेवते, तुम्ही एकटे नाही. आता काय करायचंय, पोलिसांकडे जाऊन सांगायचंय? ती परत येणार आहे? मी एवढं सगळं कोणासाठी केलं? हे सगळं मी ओरडून म्हटलं. ते ऐकून घेत होते. लहानपणी मी हट्ट करायचे तेव्हा असेच ऐकून घ्यायचे आणि शेवटी त्यांना करायचं तेच करायचे.

‘पोलिसांचां मागाहून बघू,’ ते म्हणाले. ‘आधी त्येका सांगूक होया. त्येची बायको गेली. ती कशान गेली, ह्या त्येका कळूक नको?’

खोटं कशाला लिहू, मला त्यांचा अभिमानही वाटला. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस सरळ उभा राहिला होता. मला वाटलं, सांगून मोकळे होतील. तो माणूस शिव्या देईल, कदाचित हात उगारेल, पण मग काहीतरी संपेल.

इस्त्रीवाला कामावर परत आला होता. गावी जाऊन दिवस करून आला आणि त्याच भिंतीशी टेबल लावलं. कपडे आणायला, पोचवायला आता तोच चढायचा, त्यामुळे इस्त्री उशिरा व्हायची आणि लोक कुरकुर करायला लागले होते. आपली माणसं! मी आमचे कपडे घरीच इस्त्री करत होते, त्याच्यासमोर गाठोडं घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः दोन शर्ट पिशवीत घातले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा तो इस्त्रीतले निखारे फुंकत होता. बाबांना बघून लगबगीने उठला. ‘साहेब, तुम्ही कशाला आलात, हाक मारायची ना.’ बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग त्याला म्हणाले ते मालवणीत नाही, अगदी स्वच्छ मराठीत, आधी घोकून ठेवल्यासारखं.

‘मला तुला सांगायचंय. त्या दिवशी तुफान वगैरे काही नव्हतं. वारा जोराचा होता, पण साधा होता. बोल्ट मारायला मी नाही म्हटलं होतं. शेड नीट बांधलेली असती तर उडाली नसती. तुझ्या बायकोचा जीव माझ्यामुळे गेला.’

त्याने इस्त्री टेबलाच्या कडेला उभी केली. शिव्या दिल्या नाहीत. बाबांकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

‘टीचर, तुम्ही तर मीटिंगमधी सांगितलं ना? वॉचमन म्हणला मला. अमेरिकेत होतं तसलं वादळ होतं म्हणून.’

मी बाबांकडे बघितलं.

‘हिने सांगितलं ते,’ बाबा म्हणाले, ‘मला वाचवायला. खरं नाही ते.’

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘डबे मीच चढवले की. तुम्हीच दिलं होतं ना काम, आम्हा दोघांना. सिमेंट तिनं कालवलं. खांब उभा केला तेव्हा ती म्हणली, अवो, हे हलतंय. मी म्हणलं, तुला काय कळतंय, गप सिमेंट कालव.’

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. बाबांनी टेबलाची कड धरली. काम कोणाला दिलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही. त्यांनी हिशोब मांडला होता तो फक्त स्वतःचा. त्या डब्यांपाशी आणखी दोन माणसं उभी होती, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. माझ्या तर गावीही नव्हतं.

‘इतके दिस मी हेच म्हणतोय मनाशी,’ तो म्हणाला. ‘टीचरनी सांगितलंय, तसलं वादळ होतं की बोल्ट काय नि डबा काय. शिकलेली बाई, ती काय उगं सांगल का? तेवढ्यावर झोपतोय मी. आता तुम्ही म्हणताय वारं साधं होतं. मग मी काय समजू, साहेब?’

मी आयुष्यात बाबांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. लहानपणी मी शाळेला दांडी मारली तर आजारपणाची चिठ्ठीसुद्धा द्यायचे नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘मी म्हातारो झालंय,’ ते म्हणाले. ‘माझ्या डोक्यात काय काय येता. माका काय कळता त्यातला? हिका विचार. हिने सगळा वाचलंय.’

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

‘टोर्नेडोच होता,’ मी म्हणाले.

‘दावा मला,’ तो म्हणाला. ‘तुमच्या फोनमधी असंल ना? एकदा दावा, कसलं असतं.’

मी फोन काढला. मोठ्यातला मोठा शोधला. काळंकुट्ट नरसाळं, खाली एका गावाची घरं, आणि बघता बघता घरंच नाहीत. तो दोन्ही हातांनी फोन धरून बघत होता. संपल्यावर त्याने पुन्हा लावायला सांगितलं, मी लावलं. बाबा आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

‘एवढं होतं?’ त्याने विचारलं.

‘एवढं होतं,’ मी म्हणाले.

‘मग माणूस तरी काय करणार,’ तो म्हणाला, आणि फोन मला परत दिला. पिशवीतून बाबांचा शर्ट काढला, टेबलावर पसरला, पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री उचलली.